ठोकणारं इंजिन आणि मऊ धातूची गोष्ट

आजचा भाग कान देऊन ऐकायचा आहे. घाट चढणारा एखादा जुना ट्रक जवळून जातो आणि घरघरीच्या खालून जड आवाज येतो... ठक्, ठक्, ठक्. ड्रायव्हर म्हणतो, "इंजिन ठोकतंय." हा आवाज नेमका कशाचा? आणि तो बरा करायला माणूस कसा शिकला? तेच आज बघू.

आधी आत डोकावू. पिस्टन वर-खाली होतो, कनेक्टिंग रॉड तो जोर क्रँकला देतो आणि क्रँक गोल फिरतो. रॉड जिथे क्रँकला धरतो तिथे बेअरिंग असतं. दोघांमध्ये तेलाचा पातळ थर. दोन इंच जाडीच्या क्रँकला फट किती? साधारण दोन हजारांश इंच, बस्स. बेअरिंग झिजलं की फट वाढते, तेल निसटतं आणि रॉड क्रँकवर आपटायला लागतो. तोच ठोका.

आता गंमत ऐका. बेअरिंगचं अस्तर मुद्दाम मऊ ठेवतात! अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये आयझॅक बॅबिट नावाचा सोनारकाम शिकलेला कारागीर होता. १८३९ साली त्याने कठीण धातूच्या पेटीत मऊ धातूचं अस्तर ओतायच्या युक्तीचं पेटंट घेतलं. कथिल जास्त, सोबत थोडं अँटिमनी आणि तांबं. तेलातला बारीक कण या अस्तरात रुतून बसतो, क्रँकला ओरखडा पडत नाही. तेल संपलंच तर आधी अस्तर वितळतं. म्हणजे महागडा क्रँक वाचावा म्हणून स्वस्त अस्तराने झिजायचं. या मिश्रधातूला आजही 'बॅबिट' म्हणतात.

१९१७ साली फोर्डचा 'मॉडेल टीटी' ट्रक आला. वजन एक टन वाहायचा, पण इंजिन मोटारीचंच. त्यात तेलाचा पंपच नव्हता! फिरते भाग तेल उडवायचे, त्यावर बेअरिंगचं भागायचं. चढावर तेल मागे सरकायचं, पुढचा रॉड कोरडा पडायचा आणि ठोका सुरू. मग इंजिनाखाली आडवं पडून खालचं झाकण काढायचं, रॉडच्या टोपीखालची पातळ पत्र्याची पट्टी काढायची आणि टोपी परत आवळायची. फट कमी, आवाज बंद. अस्तरच गेलं असेल तर नवं बॅबिट वितळवून ओतायचं. ते पुरेसं तापलंय का हे कसं कळायचं? लाकडाची काडी बुडवायची. काडी काळी पडली पण पेटली नाही, की ओता. मग क्रँकला निळा रंग लावून फिरवायचा आणि जिथे रंग उमटेल तेवढंच खरवडायचं.

आपल्याकडे १९२८ मध्ये जनरल मोटर्सने मुंबईत शिवडीला गाड्या जोडायला सुरुवात केली. तेव्हाच्या शेवरोलेच्या रॉडलाही ओतलेलं बॅबिटच असायचं. १९५४ मध्ये जमशेदपूरहून टाटा आणि डेमलर-बेंझचे डिझेल ट्रक बाहेर पडले. डिझेलचा दाब मोठा, बॅबिट एकटं तिथे टिकत नाही. डिझेलसाठी पोलादी पाठीवर तांबं-शिशाचं अस्तर असलेले तयार शेल रूढ झाले. ओतणं-खरवडणं मागे पडलं, ऐकणं मात्र राहिलं.

मिस्त्री काय करतो बघा. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला, मूठ कानाला. मग चालू इंजिनात एकेका इंजेक्टरच्या पाइपचा नट सैल करतो. ज्या सिलिंडरचं डिझेल तोडल्यावर ठोका दबला, त्याच रॉडचं बेअरिंग गेलंय. थंड इंजिनात वाजतं आणि गरम झाल्यावर थांबतं? मग संशय पिस्टनवर. आवाज खोल, ओझ्याखाली वाढतो आणि तेलाचा दाबही पडलाय? मग मेन बेअरिंग. काढलेल्या तेलात चमचम दिसली की शंका फिटली.

यानंतर क्रँक मायक्रोमीटरने मोजायचा. अंडाकृती झाला असेल तर ग्राइंडिंग. पाव मिलिमीटर घासला तर पाव मिलिमीटर 'अंडरसाइझ' शेल बाजारात मिळतो, पुढे अर्धा, मग पाऊण. थोडक्यात, कंपनीने झिजणं आधीच धरलंय. दुरुस्तीला जागा ठेवलीय, पण मोजकीच.

ठोका ऐकून ट्रक कडेला घेतला तर खर्च शेलचा, फार तर ग्राइंडिंगचा. "पोचू दे, मग बघू" म्हटलं तर रॉड तुटून ब्लॉकला भोक पाडू शकतो. मग इंजिन गेलं, ट्रक उभा आणि हप्ते चालूच. बेअरिंग आपलं काम करतं, झिजतं आणि आवाजही देतं. पुढचं काम कानाचं.

तर मंडळी, पुढच्या वेळी गाडीत बसाल तेव्हा दोन मिनिटं गाणी बंद करून इंजिन ऐका. भेटू पुढच्या भागात!