भट्टीची खटखट
नाशिकच्या सातपूर-अंबडमध्ये यंत्रांचे सुटे भाग बनतात, म्हणजे ते कडक करायला भट्टी आलीच. विजेच्या भट्टीचं तापमान पूर्वी काँटॅक्टर सांभाळायचा: खट् चालू, खट् बंद. सेकंदा-सेकंदाला खटखट केली तर त्याचे पॉइंट जळणार, म्हणून तो सावकाश चालायचा. तेवढ्यात कॉइल तापून फुगायची, निवून आकसायची. कांथल तारेला वाचवणारा ॲल्युमिनियम ऑक्साइडचा थर या ओढाताणीत तडकतो आणि तार लवकर तुटते.

१९५७ साली अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकने थायरिस्टर बनवला. त्यात हलणारं काहीच नाही. गेटला छोटा पल्स दिला की चालू. प्रवाह शून्यावर आला की आपोआप बंद. आपल्या ५० हर्ट्झच्या विजेत हा शून्य सेकंदाला १०० वेळा येतो. १०० पैकी ४० अर्धलहरी सोडल्या की ४० टक्के पॉवर! तारेला चालू-बंद जवळपास कळतही नाही. एलईडी मंद करायला मी कोडमध्ये जवळजवळ हेच करतो.

पण थायरिस्टर बिघडला की बहुतेकदा शॉर्ट होतो, म्हणजे हीटर चालूच राहतो. ९०० अंशांची भट्टी अशी सुटली तर माल जातोच, शेजारी उभा माणूसही धोक्यात येतो. म्हणून शहाणा पॅनेलवाला जुना काँटॅक्टर फेकत नाही. तो थायरिस्टरच्या आधी बसवतो, तापमान हद्दीबाहेर गेलं की लाइन तोडायला.