चेंडूला विटाळ नव्हता : पालवणकर बाळू यांच्या कारकिर्दीचा अर्थ

यवतमाळ, वणी, पुसद, दिग्रस, उमरखेड – कोणत्याही गावी जा, शाळेच्या पटांगणात किंवा वस्तीमागच्या मोकळ्या जागेत पोरे क्रिकेट खेळताना दिसतात. याच जिल्ह्यातला अक्षय कर्णेवार हा दोन्ही हातांनी गोलंदाजी करणारा खेळाडू विदर्भाच्या संघात गेला, आणि २०२१ साली मणिपूरविरुद्ध चार षटकांत एकही धाव न देता त्याने दोन बळी घेतले. २०१७-१८ साली विदर्भाने पहिल्यांदा रणजी करंडक जिंकला. गोलंदाजांची नावे आता आमच्या मुलांना पाठ असतात. पण हिंदी क्रिकेटमधला पहिला मोठा फिरकी गोलंदाज एका अस्पृश्य घरातून आला होता, हे त्यांतल्या किती जणांना ठाऊक आहे? आणि ज्यांना ठाऊक आहे, ते तरी त्याच्याकडून काय शिकतात?

त्या गोलंदाजाचे नाव पालवणकर बाळू. जन्म १८७६ सालचा, धारवाडचा. जात चांभार. कोकणातल्या पालवण गावावरून घराण्याला हे नाव पडले. वडील लष्कराच्या नोकरीत. एकोणिसाव्या शतकात आपल्यातल्या ज्या थोड्या कुटुंबांना गावगाड्याबाहेर पाऊल टाकता आले, त्यांतली बरीचशी लष्कराच्या आसऱ्याने बाहेर पडली. बाबासाहेबांचे घर तसेच, बाळूंचेही तसेच. पुण्याच्या छावणीत साहेबांनी टाकून दिलेल्या बॅटी आणि चेंडूंवर बाळू आणि त्यांचा धाकटा भाऊ शिवराम खेळ शिकले.

पण मैदानावर त्यांचा खरा प्रवेश झाला तो खेळाडू म्हणून नव्हे, गडी म्हणून. पारशांच्या एका क्लबात खेळपट्टी झाडायची, तिच्यावर रूळ फिरवायचा. पगार महिना तीन रुपये. पुढे १८९२ च्या सुमारास गोऱ्यांच्या पूना क्लबात चार रुपयांची नोकरी मिळाली. काम तेच : जाळी बांधणे, रेघा आखणे, रूळ ओढणे. फावल्या वेळात साहेबांना सरावासाठी चेंडू टाकायचे. कॅप्टन ग्रेग हा त्या काळचा नावाजलेला फलंदाज. तो तासन्‌तास बाळूंच्या डावखुऱ्या फिरकीवर सराव करीत असे. आपल्याला बाद केले की तो बाळूंना आठ आणे देई, असे सांगतात. ही आठ आण्यांची गोष्ट सगळे कौतुकाने सांगतात. त्याच मैदानावर बाळूंच्या हाती फलंदाजीसाठी बॅट मात्र कोणी दिली नाही, हे सांगायला विसरतात. फलंदाजी हा साहेबाचा मान होता. गोलंदाजी ही मेहनत होती, आणि मेहनत करायला नोकर चालत होता.

हा भेद नीट लक्षात घ्यावा, कारण बाळूंच्या साऱ्या आयुष्याची किल्ली त्यात आहे. व्यवस्थेला त्यांचा हात हवा होता, माणूस नको होता. आपल्या कापूसमुलखात राहणाऱ्याला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. कापूस वेचणारा हात चालत असे, त्या कापसाचा सदरा देवळातही चालत असे. पण वेचणाऱ्या बाईच्या घागरीतले पाणी चालत नसे.

पुण्याच्या हिंदू संघाला गोऱ्यांना हरवायचे होते. त्यासाठी बाळू हवे होते. घ्यावे की न घ्यावे, यावर खल झाला आणि अखेर घेतले. कशासाठी घेतले? समतेची ओढ लागली म्हणून नव्हे, जिंकायचे होते म्हणून. मैदानात बाळूंनी टाकलेला चेंडू यष्टिरक्षक झेलत होता, ब्राह्मण खेळाडू तो उचलून परत त्यांच्या हाती देत होते. चेंडूला विटाळ नव्हता. पण चहाची वेळ झाली की बाकीच्यांना मंडपात चिनी मातीच्या कपातून चहा, आणि बाळूंना बाहेर, फेकून देता येईल अशा मातीच्या भांड्यातून. जेवणाचे ताट वेगळे, बसण्याची जागा वेगळी. म्हणजे अस्पृश्यता ही शरीराची गोष्ट नव्हतीच. ती सत्तेची सोय होती. जिथे लाभ होता तिथे ती सैल होत होती, जिथे बरोबरीचा प्रश्न येत होता तिथे ती आवळली जात होती.

साताऱ्याच्या गोऱ्या जिमखान्याविरुद्ध बाळूंनी सात बळी घेतले, तेव्हा पुण्यात त्यांचा जयजयकार झाला. बाळूंबरोबर जे खेळतात त्यांनी त्यांच्याबरोबर खाण्यापिण्यासही हरकत घेऊ नये, असे न्यायमूर्ती रानडे यांनी त्या वेळी बोलून दाखवल्याची नोंद आहे. रानड्यांचा चांगुलपणा नाकारण्याचे कारण नाही. पण ज्याचा जयजयकार होतो त्याला कपात चहा द्यावा, हे सांगायला एक न्यायमूर्ती लागावा, यातच त्या समाजाची परीक्षा झाली.

१८९६ साली पुण्यात प्लेगची साथ आली आणि बाळू मुंबईला गेले. तेथल्या हिंदू जिमखान्यातही आधी कुरकुर झाली आणि मग प्रवेश मिळाला. पुढे बी. बी. अँड सी. आय. रेल्वेत त्यांना नोकरी लागली. फेब्रुवारी १९०६ मध्ये मुंबईत हिंदू विरुद्ध युरोपियन असा सामना झाला. हिंदूंच्या धावा २४२ आणि १६०, युरोपियनांच्या १९१ आणि १०२. १०९ धावांनी विजय. बाळू आणि शिवराम हे दोघे भाऊ त्या संघात होते. बंगालच्या फाळणीमुळे देश तापलेला असताना गोऱ्यांचा असा पराभव झाला. वर्तमानपत्रांनी तो राष्ट्राचा विजय म्हणून साजरा केला, आणि चांभाराच्या मुलांना संघात घेतल्याबद्दल हिंदू समाजाने स्वतःचीही पाठ थोपटून घेतली. १९०७ पासून त्रिरंगी आणि मुसलमानांचा संघ आल्यावर १९१२ पासून चौरंगी सामने सुरू झाले. या सामन्यांत बाळू हिंदूंचे मुख्य गोलंदाज होते.

१९११ साली हिंदी संघ इंग्लंडला गेला. कर्णधार कोण? पतियाळाचे महाराज. त्यांनी मोजकेच सामने खेळले. संघाने २३ पैकी ६ सामने जिंकले आणि १५ गमावले. या पडत्या संघात पस्तिशी गाठलेल्या, दुखऱ्या खांद्याच्या बाळूंनी एकट्याने ११४ बळी घेतले. केंब्रिज विद्यापीठाविरुद्ध एका डावात १०३ धावांत ८ आणि लेस्टरशायरविरुद्ध सामन्यात ११ बळी. परत आल्यावर मुंबईच्या अस्पृश्य समाजाने त्यांचा सत्कार केला. त्या वेळचे मानपत्र तेव्हा विद्यार्थी असलेल्या भीमराव आंबेडकरांनी लिहिले होते, असे सांगितले जाते. बाळूंच्या हयातीतल्या प्रथम दर्जाच्या ३३ सामन्यांत १७९ बळी आहेत, सरासरी सुमारे पंधरा धावांची. भारत पहिला कसोटी सामना १९३२ साली खेळला. तोवर त्यांचे वय उलटून गेले होते.

एवढे सगळे करून त्यांना कर्णधारपद मिळाले का? नाही. कर्णधारपद हा हाताचा नव्हे, डोक्याचा आणि हुकमाचा प्रश्न होता. अस्पृश्याने टाकलेला चेंडू चालतो, पण अस्पृश्याने सांगितले म्हणून सवर्णाने सीमारेषेकडे जायचे? ते चालत नव्हते. १९१३ साली एम. डी. पै कर्णधार झाले, तेव्हा त्यांनीच जाहीरपणे सांगितले की ज्येष्ठतेने हा मान बाळूंचा होता. पैंचा प्रामाणिकपणा मोठा. पण कबुली मिळाली, पद मिळाले नाही.

मग आले १९२० साल. या सालाकडे कार्यकर्त्यांनी बारकाईने पाहावे. जानेवारीत 'मूकनायक' निघाले. मार्चमध्ये माणगावची परिषद झाली. मे महिन्याच्या अखेरीस नागपूरला शाहू महाराजांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय बहिष्कृत परिषद भरली. डिसेंबरात त्याच नागपुरात काँग्रेसचे अधिवेशन झाले आणि अस्पृश्यता निवारणाची भाषा राष्ट्रीय कार्यक्रमात आली. त्याच वर्षी चौरंगी सामने होते. पै आजारी होते. कर्णधारपद दि. ब. देवधरांना दिले गेले, आणि बाळूंना संघातच घेतले नाही. तेव्हा शिवराम आणि विठ्ठल या दोघा भावांनी संघातून माघार घेतली, आणि आपल्या घराण्यावर जातीपायी अन्याय होतो आहे, असे जाहीर निवेदन काढले. वीस-पंचवीस वर्षे बळी घेऊन जे झाले नव्हते, ते या नकाराने झाले. अंतिम सामन्यासाठी पै परतले, बाळूंना संघात घेऊन उपकर्णधार करण्यात आले, आणि शेवटच्या टप्प्यात पै मैदान सोडून गेल्यावर संघाची सूत्रे काही काळ बाळूंच्या हाती आली. १९२३ साली विठ्ठल पालवणकर हिंदू संघाचे कर्णधार झाले आणि त्या वर्षी संघाने स्पर्धा जिंकली. विठ्ठलांनी आपले 'माझे क्रीडा-जीवन' हे आत्मचरित्र १९४८ साली मराठीत प्रसिद्ध केले. चौथा भाऊ गणपत हाही चांगला खेळाडू. तो मात्र १९२० सालीच क्षयाने गेला.

माझे म्हणणे एवढेच आहे : बळींनी कौतुक मिळवले, नकाराने हक्क मिळवला. काळाची हवा बदलली होती, हे खरे. पण ती हवा मैदानापर्यंत आणली ती दोन भावांनी. गुण असला की जात आपोआप गळून पडते, असे जे आजही आपल्या मुलांना सांगितले जाते, ते बाळूंच्या चरित्रातून सिद्ध होत नाही. उलट सिद्ध होते.

अमेरिकेतला दाखला पाहा. सॅचेल पेज हा काळा पिचर, म्हणजे त्यांच्या बेसबॉलमधला चेंडू टाकणारा. काळ्यांच्या वेगळ्या संघांत त्याची उमेदीची दोन दशके गेली. १९४७ साली जॅकी रॉबिन्सनने गोऱ्यांच्या मुख्य स्पर्धेतली वर्णाची भिंत फोडली, तेव्हा कुठे १९४८ साली, बेचाळिसाव्या वर्षी पेजला तिथे प्रवेश मिळाला. तिथे बाहेर ठेवून वाया घालवले, इथे आत घेऊन खाली बसवले. रीत वेगळी, हिशेब एकच.

आता अवघड भागाकडे यायला हवे. तो टाळून बाळूंचे गोडवे गाणे अप्रामाणिकपणाचे होईल. १९३२ साली स्वतंत्र मतदारसंघांच्या प्रश्नावर बाळू बाबासाहेबांच्या विरुद्ध बाजूला, राजा-मुंजे कराराच्या बाजूला उभे राहिले. वऱ्हाडचे ग. आ. गवई हेही त्याच बाजूला होते. पुणे करारावर बाळूंची सही आहे. १९३७ च्या प्रांतिक निवडणुकीत काँग्रेसने मुंबईत बाबासाहेबांविरुद्ध त्यांनाच उभे केले. बाबासाहेबांना १३,२४५ मते पडली, बाळूंना ११,२२५. ज्या बाळूंचा बाबासाहेबांना तरुणपणी अभिमान होता, त्यांनाच त्यांच्यासमोर आणले गेले. त्यात महार आणि चांभार यांच्यातली दरी वापरण्याचा डाव होता, हे उघड आहे.

म्हणून बाळूंना गद्दार ठरवून मोकळे व्हावे काय? मला तसे वाटत नाही. त्यांनी आपल्या अनुभवाचा एक अर्थ लावला. मैदानाची दारे आपल्यासाठी हळूहळू उघडली, तशी समाजाचीही सवर्णांच्या मनपरिवर्तनाने उघडतील, असे त्यांना वाटले. पण ती दारे का उघडली? आधी गरजेने आणि नंतर नकाराने. मनपरिवर्तनाचा वाटा फार थोडा. एका गुणवान माणसाला मिळालेली वाट त्यांनी सगळ्यांची वाट मानली. कापूस वेचणाऱ्या बाईकडे, रूळ ओढणाऱ्या दुसऱ्या गड्याकडे आठ आणे मिळवून देणारी फिरकी नव्हती. बाबासाहेब त्यांच्यासाठी राजकारण करीत होते, जो अपवाद नव्हता त्याच्यासाठी. पां. ना. राजभोजही तेव्हा त्या दुसऱ्या बाजूला होते. पुढे ते शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचे सरचिटणीस झाले. बाळू परतले नाहीत. ४ जुलै १९५५ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.

आज क्रिकेटच्या इतिहासातून पालवणकर बंधूंचे नाव पुन्हा घेतले जाऊ लागले आहे, हे चांगलेच आहे. पण त्यात धोकाही आहे. खेळाने जात मोडली, अशी सुखाची गोष्ट त्यांच्या नावावर सांगितली जाते. मोडली कुठे? चेंडूने जात ओलांडली, कपाने नाही. १९११ साली संघाचा कर्णधार महाराज होता. १९३२ साली इंग्लंडला गेलेल्या संघाचा नेमलेला कर्णधार पोरबंदरचा राजा होता. कसोटीच्या वेळी तो बाजूला झाला म्हणून नागपूरच्या सी. के. नायडूंना मान मिळाला. १९३६ साली पुन्हा विजयनगरमचे राजकुमार. ज्या खेळात नेतृत्व इतकी वर्षे जन्मावर वाटले गेले, तो खेळ जातीपलीकडचा होता असे कोणी म्हणू नये.

शाळेत हा इतिहास सांगणाऱ्या शिक्षकांनी १७९ बळींचा आकडा मुलांना जरूर सांगावा; आपल्या मुलांना अभिमानाची गरज आहे. त्याच्या शेजारी ते मातीचे भांडेही ठेवावे. १९२० साली दोन भाऊ संघाबाहेर का पडले, हे विचारावे. आणि वरच्या वर्गातल्या मुलांना १९३७ ची मतेही सांगावीत. आपला माणूस मोठा होता आणि त्याचा निष्कर्ष चुकीचा होता, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात, हे ज्या चळवळीला पेलते तिलाच स्वतःचा इतिहास लिहिता येतो.