मत विचारणाऱ्याचा प्रश्न : जालन्याचा दाखला

जनमत चाचणीकडे आपण बहुधा निवडणुकीचे भाकीत म्हणून पाहतो. एखाद्या धोरणाविषयी मतदाराची भूमिका तिच्यातून ताडणे हा अधिक कठीण उद्योग, आणि तो आपल्याकडे तसा जुना आहे. एरिक डा कोस्टा यांच्या संस्थेने 1950च्या दशकात चाचण्यांना आरंभ केला. रजनी कोठारींच्या दिल्लीतील अभ्यासकेंद्राने 1967च्या निवडणुकीत देशव्यापी सर्वेक्षण केले.

खरी मेख प्रश्नाच्या शब्दांत असते. जालना जिल्ह्यातील अंतरवाली सराटीत मनोज जरांगे यांनी 29 ऑगस्ट 2023 रोजी उपोषण आरंभले. मराठ्यांना कुणबी प्रमाणपत्रे द्या, म्हणजेच ओबीसींत सामावून घ्या, ही मागणी. जून 2024मध्ये त्याच अंबड तालुक्यातील वडीगोद्रीत लक्ष्मण हाके उपोषणास बसले. ओबीसींच्या वाट्याला धक्का नको, ही त्यांची मागणी. मधल्या काळात, फेब्रुवारीत, विधिमंडळाने मराठ्यांना स्वतंत्र 10 टक्के देऊन तिसरीच भूमिका घेतली होती. ‘मराठा आरक्षणास तुमचा पाठिंबा आहे काय?’ हा प्रश्न या तिन्ही भूमिकांवर एकच झूल पांघरतो. ‘कोणाच्या वाट्यातून?’ एवढे दोन शब्द जोडले की उत्तरे फुटतात. विचारण्याजोगे प्रश्न कोणते यावर जणू सर्वांचे एकमत आहे असे चाचणी गृहीत धरते, हा पिएर बोर्दियूचा 1973मधला आक्षेप येथे अक्षरशः लागू पडतो.

दुसरी अडचण संख्येची. हजार मतदारांचा नमुना राज्याचे चित्र तीनेक टक्क्यांच्या फरकाने देतो. पण महाराष्ट्रात लोकसभेचे मतदारसंघ 48, म्हणजे जालन्याच्या वाट्याला जेमतेम एकवीस माणसे. त्यातून परतूर आणि घनसावंगी हे जिल्ह्यातले भाग लोकसभेला परभणीत मोडतात. यावर संख्याशास्त्रज्ञांचा तोडगा असा : समान वय, शिक्षण, जात असलेल्या इतरत्रच्या मतदारांची उत्तरे घ्यावीत आणि स्थानिक लोकसंख्येतील प्रमाणानुसार त्यांना वजन द्यावे. युक्ती चांगली आहे, परंतु तिला जातवार लोकसंख्या लागते. जनगणनेत सर्व जातींचे आकडे शेवटचे प्रसिद्ध झाले ते 1931चे. जालना तेव्हा निजामाच्या राज्यात होते. योगायोग असा, की 2 सप्टेंबर 2025च्या शासननिर्णयाने कुणबी प्रमाणपत्रांसाठी आधार मानले तेही हैदराबाद गॅझेटियरच.