ग्रीन कार्डची रांग: अमेरिकन नागरिक व्हायला भारतीयांना इतकी वर्षं का लागतात? आणि त्यानंतर गावाकडच्या जमिनीचं काय होतं?

समजा, बारामती तालुक्यातल्या मोरगावात जन्मलेला एक इंजिनिअर नोकरीसाठी अमेरिकेत गेला. त्याच्या कंपनीत ब्राझीलमध्ये जन्मलेली एक सहकारी आहे. दोघांचं शिक्षण सारखं, पद सारखं, पगारही सारखा. कंपनीने दोघांच्या ग्रीन कार्डची प्रक्रिया एकाच दिवशी सुरू केली. सहकारीला काही वर्षांत कार्ड मिळतं. मोरगावच्या इंजिनिअरला मात्र दशकभराहून जास्त थांबावं लागतं. त्याच्या फायलीत चूक काहीच नसते. फरक असतो तो पासपोर्टवरच्या 'जन्मस्थान' या एका रकान्याचा.

पुणे जिल्ह्यातल्या गावागावांतून अमेरिकेत गेलेली मुलं आता चाळिशीत आली आहेत. त्यामुळे 'ग्रीन कार्ड कधी?' हा प्रश्न गावाकडच्या घरांतही विचारला जातो. ही प्रक्रिया नेमकी कशी चालते, ते समजून घेऊ.

ग्रीन कार्ड म्हणजे नागरिकत्व का?

नाही. ग्रीन कार्ड म्हणजे अमेरिकेत कायम राहण्याचा आणि काम करण्याचा परवाना. ग्रीन कार्डधारक भारताचाच नागरिक असतो, त्याचा पासपोर्टही भारतीयच राहतो. नागरिकत्व ही त्यानंतरची, ऐच्छिक पायरी आहे. अनेक जण आयुष्यभर ग्रीन कार्डवरच राहतात.

रांगेत नंबर कसा लागतो?

बहुतेक भारतीय इंजिनिअर एच-१बी व्हिसावर काम करतात. हा व्हिसा साधारण सहा वर्षांचा असतो. नोकरीच्या आधारे ग्रीन कार्ड हवं असेल तर बहुतेकांच्या बाबतीत तीन टप्पे असतात.

१. या कामासाठी योग्य अमेरिकन उमेदवार मिळाला नाही, हे कंपनी कामगार खात्याला दाखवते. याला लेबर सर्टिफिकेशन म्हणतात. हा अर्ज ज्या दिवशी दाखल होतो, ती त्या कर्मचाऱ्याची 'प्रायॉरिटी डेट', म्हणजे रांगेतला नंबर.

२. त्यानंतर कंपनी आय-१४० अर्ज भरते. तो मंजूर झाला की सहा वर्षांनंतरही एच-१बी वाढवून मिळतो.

३. नंबर आला की कर्मचारी स्वतः आय-४८५ हा शेवटचा अर्ज भरतो.

कोणत्या तारखेपर्यंतच्या लोकांचा नंबर आला, हे अमेरिकेचं परराष्ट्र खातं दर महिन्याला 'व्हिसा बुलेटिन'मध्ये जाहीर करतं. ऑक्टोबर २०२५ च्या बुलेटिनमध्ये ईबी-२ गटातल्या भारतीयांसाठी ही तारीख होती १ एप्रिल २०१३. म्हणजे साडेबारा वर्षांपूर्वी रांगेत उभे राहिलेले लोक तेव्हा दारापाशी पोहोचले होते. अर्जदार अपेक्षेपेक्षा जास्त निघाले तर ही तारीख पुढे जाण्याऐवजी मागेही येते.

रांग सरकत का नाही?

अमेरिकन संसदेने १९९० च्या कायद्यात नोकरीवर आधारित ग्रीन कार्डांचा वार्षिक आकडा १ लाख ४० हजार ठरवला. तो आजही तोच आहे. शिवाय कोणत्याही एका देशात जन्मलेल्यांना साधारण ७ टक्क्यांहून जास्त वाटा मिळत नाही. आइसलँडला जी मर्यादा, तीच भारताला.

आता हिशोब पाहा. ईबी-२ गटाच्या वाट्याला वर्षाला सुमारे ४० हजार कार्डं येतात. त्याचे ७ टक्के म्हणजे जेमतेम २,८००. यातच अर्जदाराचे पती किंवा पत्नी आणि मुलंही मोजली जातात. चौघांचं कुटुंब धरलं तर ही झाली ७०० कुटुंबं. इतर देशांची न वापरलेली कार्डं उरली तर भारतीयांना जास्त मिळतात, पण त्याची खात्री नसते.

केटो इन्स्टिट्यूट या अमेरिकन अभ्यासगटाच्या २०२३ च्या हिशोबानुसार नोकरीवर आधारित रांगेत १८ लाख प्रकरणं होती. त्यातली सुमारे ११ लाख भारतीयांची होती.

देश बदलूनही उपयोग होत नाही. मोरगावात जन्मलेला माणूस कॅनडाचा नागरिक झाला, तरी अमेरिकेच्या रांगेत तो भारताच्याच खात्यात मोजला जातो. एक सवलत मात्र आहे: पती किंवा पत्नीचा जन्म दुसऱ्या देशात झाला असेल, तर त्या देशाची रांग धरता येते.

थांबण्याच्या काळात काय अडतं?

सगळ्यात मोठी टांगती तलवार नोकरीची. एच-१बीवर असताना नोकरी गेली तर दुसरी शोधायला जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात. नोकरी बदलली तर नव्या कंपनीला पहिले दोन टप्पे पुन्हा करावे लागतात. आय-१४० मंजूर झालेला असेल तर जुनी प्रायॉरिटी डेट सहसा टिकते.

दुसरा प्रश्न मुलांचा. भारतात जन्मून आईवडिलांबरोबर गेलेलं मूल २१ वर्षांचं झालं की सहसा त्यांच्या अर्जातून बाहेर पडतं. २०१५ मध्ये नंबर लावलेल्या इंजिनिअरचा तेव्हा ११ वर्षांचा असलेला मुलगा २०२५ मध्ये २१ वर्षांचा झाला, आणि वडिलांचा नंबर अजून आलेला नव्हता. अशा मुलांना तिथेच राहायचं तर विद्यार्थी व्हिसासारखा स्वतंत्र व्हिसा मिळवावा लागतो. २००२ च्या एका कायद्याने वय मोजताना थोडी सूट मिळते, पण दहा-बारा वर्षांच्या रांगेपुढे ती तोकडी पडते.

गावाकडून कोणते कागद लागतात?

शेवटच्या टप्प्यावर जन्मदाखला मागितला जातो, आणि अनेकांची गाडी इथे अडते. ग्रामपंचायतीत जन्माची नोंदच झालेली नसते, किंवा नोंद असते पण बाळाचं नाव नसतं. शाळेत घालताना गुरुजींनी १ जून ही तारीख लिहिली असेल, तर शाळेचा दाखला आणि जन्मनोंद जुळत नाही.

नोंद नसेल तर 'नोंद उपलब्ध नाही' असा दाखला घ्यावा लागतो. सोबत शाळा सोडल्याचा दाखला आणि जन्माची माहिती असलेल्या नातेवाइकांची प्रतिज्ञापत्रं जोडतात. माहेरचं आणि सासरचं नाव वेगळं असलेल्या महिलांना दोन्ही नावांची सांगड घालणारे कागद द्यावे लागतात. नंबर यायला वर्षं असतात, पण आल्यावर वेळ कमी असतो. त्यामुळे हे कागद आधीच तयार ठेवलेले बरे. प्रतिज्ञापत्र देऊ शकणारी वडीलधारी माणसं हयात असताना हे काम सोपं असतं.

मग नागरिकत्व कसं मिळतं?

ग्रीन कार्ड मिळाल्यावर साधारण पाच वर्षांनी एन-४०० अर्ज भरता येतो. जोडीदार अमेरिकन नागरिक असेल तर तीन वर्षांनी. पाच वर्षांतले किमान ३० महिने प्रत्यक्ष अमेरिकेत काढलेले असावे लागतात. त्यानंतर मुलाखत, इंग्रजीची चाचणी आणि नागरिकशास्त्राची तोंडी परीक्षा होते. २० ऑक्टोबर २०२५ पासून अर्ज करणाऱ्यांना २० पर्यंत प्रश्न विचारले जातात, त्यातल्या १२ प्रश्नांची उत्तरं बरोबर यावी लागतात. शेवटी शपथ. शपथ घेतली त्या क्षणी माणूस नागरिक होतो.

नागरिकत्वाचा मोठा फायदा गावाकडच्या आईवडिलांशी जोडलेला आहे. ग्रीन कार्डधारकाला आईवडिलांसाठी ग्रीन कार्ड मागता येत नाही. नागरिकाला येतं, आणि त्याला वार्षिक आकड्याची मर्यादाही नाही. पण रांगेतली बारा-तेरा वर्षं आणि पुढची पाच मोजली, तर तोवर आईवडील सत्तरीपार गेलेले असतात.

भारतीय पासपोर्टचं काय होतं?

भारतात दुहेरी नागरिकत्व नाही. नागरिकत्व कायदा, १९५५ च्या कलम ९ नुसार स्वेच्छेने परदेशी नागरिकत्व घेतलं की भारतीय नागरिकत्व आपोआप संपतं. पासपोर्ट जमा करून सरेंडर सर्टिफिकेट घ्यावं लागतं. केंद्र सरकारने संसदेत दिलेल्या माहितीनुसार २०२४ मध्ये २ लाख ६ हजार ३७८ जणांनी भारतीय नागरिकत्व सोडलं. यात अमेरिकेसह सगळ्या देशांत गेलेले लोक आले.

असे लोक ओसीआय कार्ड घेऊ शकतात. त्यावर भारतात आजीवन ये-जा करता येते. मतदान करता येत नाही, निवडणूक लढवता येत नाही.

आणि सातबारा?

परदेशी नागरिक झालं की वडिलोपार्जित जमीन जाते, हा गैरसमज आहे. ओसीआय कार्डधारकाला शेतजमीन वारसाहक्काने मिळू शकते आणि सातबाऱ्यावर वारस म्हणून नाव लागू शकतं. शेतजमीन विकत घेता येत नाही, बक्षीसपत्रानेही घेता येत नाही. विकायची झाल्यास ती भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाच विकावी लागते. महाराष्ट्रात कुळकायद्यामुळे घेणारा शेतकरीही असावा लागतो.

शेतजमीन खरेदीची बंदी परदेशात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाही आहे. पण तो कायमचा परत आला की त्याचा हा मार्ग पुन्हा खुला होतो. ओसीआय कार्डधारक गावी येऊन राहिला तरी त्याच्यावरची बंदी उठत नाही.

पुन्हा भारतीय होता येतं का?

येतं. ओसीआय नोंदणीला पाच वर्षं झाली असतील आणि अर्जाआधीचे बारा महिने भारतात वास्तव्य असेल, तर नागरिकत्वासाठी अर्ज करता येतो. मात्र त्यासाठी परदेशी नागरिकत्व सोडावं लागतं. म्हणजे पुन्हा अर्ज, पुन्हा पडताळणी आणि पुन्हा वाट पाहणं.