'पिठाचे पंजे' : जोडपटाची जागा
३ जानेवारी १९१४ रोजी मुंबईच्या ऑलिम्पिया थिएटरात दादासाहेब फाळके यांचा 'मोहिनी भस्मासुर' प्रदर्शित झाला. त्याला जोडून त्यांचाच 'पिठाचे पंजे' हा विनोदी लघुपट दाखवण्यात आला. चॅप्लिनचा पहिला चित्रपट अमेरिकेत झळकण्यास तेव्हा महिनाभर अवकाश होता. त्यामुळे या मूक प्रहसनाचे पूर्वज शोधताना निदान त्याचे नाव घेता येत नाही. ते घराजवळच शोधावे लागतात. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पौराणिक नाटकाला जोडून 'फार्स' करण्याची प्रथा मराठी रंगभूमीवर रुजली होती. फाळके यांनी पुराणकथेला विनोदाची जोड दिली ती याच रूढीला अनुसरून, असे मला वाटते. मात्र फार्सचे बळ संवादात, शाब्दिक कोट्यांत होते. मूकपटाने ते हिरावून घेतले आणि सारा भार नटाच्या देहावर टाकला. हे स्थित्यंतर आपल्या समीक्षेने फारसे तपासलेले नाही. दुर्गाबाई कामत आणि कमळाबाई गोखले या मायलेकींमुळे 'मोहिनी भस्मासुर' इतिहासात टिकला, आणि ते योग्यच. जोडपटाच्या वाट्याला बहुधा एखादी ओळ येते. वस्तुतः १९१३ साली कोरोनेशनमध्ये 'राजा हरिश्चंद्र'च्या खेळातही नृत्य, कसरती आणि विनोदी प्रवेश होतेच. प्रेक्षकाने तिकीट काढले होते ते या संपूर्ण खेळाचे.