माल्टा : घरच्या बोलीचा देश

भूमध्य समुद्रातील माल्टा हे बेट इ. स. १५३० मध्ये सम्राट पाचव्या चार्ल्सने सेंट जॉनच्या धर्मयोद्ध्यांच्या संघाला बहाल केले, तेव्हा त्याबद्दल दरसाल द्यावयाचा खंड ठरला तो फक्त एक ससाणा! बेटावर राहणाऱ्या लोकांचे मत कोणी विचारले नाही. वास्तविक शंभर वर्षांपूर्वी याच लोकांनी एका सरदाराकडे गहाण पडलेले आपले बेट स्वतः पैसा उभा करून सोडविले होते. आणि यापुढे ते दुसऱ्या कोणाच्या हाती देणार नाही, असे वचन १४२८ मध्ये त्यांच्या राजाने त्यांना दिले होते. ते वचन एका पक्ष्याच्या मोलाने मोडले.

सिसिलीच्या दक्षिणेस सुमारे नव्वद किलोमीटरांवर माल्टा, गोझो आणि चिमुकले कोमिनो ही बेटे आहेत. देशाचे एकूण क्षेत्रफळ ३१६ चौरस किलोमीटर, म्हणजे गोव्याच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी; आणि लोकवस्ती पाच लाखांहून थोडी अधिक. बारमाही नदी नाही, उंच डोंगर नाही. पिवळसर चुनखडी दगड मात्र हवा तितका. याच दगडातून साडेपाच हजार वर्षांपूर्वी तेथील माणसांनी उभारलेली देवालये मिसरच्या पिरॅमिडांहूनही जुनी आहेत. पुढे फिनिशियन, कार्थेजियन, रोमन, अरब, नॉर्मन, स्पॅनिश अशी धन्यांची रांगच लागली. कारण ज्याला भूमध्य समुद्रावर हुकमत गाजवावयाची, त्याला माल्टाचे खोल बंदर हवेच होते.

संत पौलाचे गलबत फुटून तो या बेटावर आला, ती कथा 'प्रेषितांची कृत्ये' या ग्रंथात आहे. बेटवाल्यांनी पावसाथंडीत शेकोटी पेटवून त्या बुडत्यांचा पाहुणचार केला. तरीही मूळ ग्रीक ग्रंथात त्यांना 'बार्बारोय' म्हटले आहे. या शब्दाचा अर्थ रानटी असा नव्हे. ग्रीक न बोलणारे, एवढाच त्याचा भाव. धन्याची भाषा न बोलणारे लोक, ही माल्टाची ओळख अशी फार जुनी आहे.

त्या काळची त्यांची बोली पुढे लोपली. आजची माल्टी भाषा इ. स. ८७० मध्ये बेट जिंकणाऱ्या अरबांच्या राजवटीतून आली. नॉर्मन काउंट रॉजरने १०९१ मध्ये बेटावर स्वारी केली आणि कालांतराने तेथील इस्लाम मावळला. पण अरबांची बोली टिकली. जुन्या राजधानीचे नाव आजही 'म्दिना'च आहे. लोक कट्टर कॅथलिक. पण प्रार्थनेत देवाला हाक मारतात ती 'आल्ला' म्हणून. ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळाला ते 'रान्दान' म्हणतात, आणि हा शब्द रमझानचाच होय. खुद्द ईस्टरचे नावही 'ईद' या शब्दाचे रूप आहे. पाणी, पाव, घर, आई हे शब्द अरबी वळणाचे, तर कायदा, कचेरी आणि विद्या यांचे शब्द बहुधा इटालियन वळणाचे. लिपी मात्र रोमन. रोमन लिपीतील कोकणी पाहिलेल्या गोव्याच्या वाचकांना याचे फारसे नवल वाटू नये.

संघाचे धर्मयोद्धे बेटावर आले ते आपापल्या भाषा घेऊन. त्यांच्या संघाचे मूळचे आठ विभाग होते आणि त्यांना 'जिव्हा' असेच म्हणत. त्या आठांत माल्टी नव्हती. इ. स. १५६५ मध्ये तुर्कांनी दिलेला वेढा मे महिन्यापासून सप्टेंबरपर्यंत चालला. सेंट एल्मोचा किल्ला पडला, तरी बेट पडले नाही. या विजयाचे श्रेय इतिहासाने संघप्रमुख ला व्हालेत याला दिले आणि नव्या राजधानीला त्याचेच नाव मिळाले. पण तटावर उभ्या राहिलेल्यांत स्थानिक शेतकरी व कोळी धर्मयोद्ध्यांच्या कितीतरी पट होते, हे विसरता येत नाही.

अशा भाषेत कोणी काही लिहिले असेल, असे पंडितांनाही वाटत नव्हते. परंतु पंधराव्या शतकातील पीएत्रु काशारो याची एक छोटी कविता १९६६ मध्ये एका नोटरीच्या जुन्या दप्तरात सापडली. तिचा विषय आहे ढासळलेले घर. या भाषेचा पहिला खरा कैवारी मात्र मिकीएल आन्तॉन वास्साल्ली हा होय. १७९१ मध्ये त्याने तिचे व्याकरण आणि १७९६ मध्ये शब्दकोश प्रसिद्ध केला. संघाच्या राज्यात त्याला तुरुंगवास घडला आणि पुढे दीर्घकाळ परदेशात काढावा लागला. परतल्यावर तो विद्यापीठात माल्टीचा पहिला प्राध्यापक झाला. पण प्रॉटेस्टंट मंडळींसाठी त्याने शुभवर्तमानांचे भाषांतर केले होते. १८२९ मध्ये तो वारला तेव्हा त्याला प्रॉटेस्टंट दफनभूमीतच जागा मिळाली. कॅथलिक देशाने आपल्या भाषेच्या जनकाला असे वागवावे, हे खेदाचे आहे.

नेपोलियनने १७९८ मध्ये संघाला हुसकावले. तीनच महिन्यांत जनतेने फ्रेंचांविरुद्ध उठाव केला आणि १८०० मध्ये इंग्रज आले. सुवेझचा कालवा झाल्यावर मुंबईच्या वाटेवरील हे मोक्याचे ठाणे ठरले. रशियाशी युद्धाचा संभव दिसताच १८७८ मध्ये सुमारे सात हजार हिंदी सैनिक तेथे नेण्यात आले होते. याच काळात भाषेचा वाद पेटला. वकील आणि धर्मगुरू इटालियनचे अभिमानी, सरकार इंग्रजीचे. शेतकऱ्यावर खटला चाले तो त्याला न समजणाऱ्या इटालियनमध्ये! घरची बोली कोणाच्याच गणतीत नव्हती. पण दोन बलिष्ठांच्या भांडणात तिचे फावले. दुन कार्म प्सायला हा धर्मगुरू-कवी इटालियन सोडून १९१२ पासून माल्टीत लिहू लागला. त्याचेच गीत आज राष्ट्रगीत आहे. १९३४ मध्ये माल्टीला राजभाषेचा दर्जा मिळाला आणि १९३६ मध्ये इटालियनचा गेला.

दुसऱ्या महायुद्धात इटालियन व जर्मन विमानांनी बेट भाजून काढले. १९४२ च्या एप्रिलमध्ये इंग्लंडच्या राजाने सबंध बेटालाच जॉर्ज क्रॉस दिला. २१ सप्टेंबर १९६४ रोजी देश स्वतंत्र झाला, १९७४ मध्ये प्रजासत्ताक झाला आणि १९७९ मध्ये शेवटचे ब्रिटिश सैन्य परत गेले.

१ मे २००४ रोजी माल्टा युरोपीय संघात सामील झाला आणि त्याची भाषा संघाच्या अधिकृत भाषांत जाऊन बसली. तेव्हा एक अडचण उभी राहिली. संघाचे सारे कायदे माल्टीत उतरविण्यास पुरेसे अनुवादकच मिळेनात. म्हणून तीन वर्षांची सवलत घ्यावी लागली. त्या मुदतीत माणसे शिकवून तयार केली गेली आणि २००७ मध्ये ती सवलत संपली.