एकच्छायाश्रित जामीन

कोल्हापुरांतील एका घरमालकांनीं चार विद्यार्थ्यांस एकाच भाडेपत्रानें घर देतांना चौघांच्या पालकांकडून घ्यावयाच्या जामीनकतब्याचा मसुदा प्रस्तुत लेखकास दाखविला. 'आम्ही चौघे भाड्यास जामीन आहों' एवढेंच त्यांत होतें. अंशाचा उल्लेख नव्हता.

याज्ञवल्क्यस्मृतींत प्रतिभू त्रिविध सांगितला आहे: दर्शनाचा, प्रत्ययाचा व दानाचा. आपल्या मोडी कागदांतील हाजीरजामीन पहिल्याशीं व मालजामीन तिसऱ्याशीं जुळतो. पहिले दोन मृत झाल्यास पुत्रांवर देणें येत नाहीं. तिसऱ्याच्या पुत्रांवर येतें. प्रतिभू अनेक असतील तर ज्यानें त्यानें आपल्या अंशापुरतें द्यावें. मात्र ते एकच्छायाश्रित असतील, म्हणजे प्रत्येकानें संपूर्ण रकमेचा भार पत्करला असेल, तर धनको इच्छील त्याजकडून सर्व घेईल.

इ. स. १८७२ च्या करार कायद्याची रीत उलट आहे. संयुक्त वचन देणाऱ्यांपैकीं कोणाही एकाकडून संपूर्ण पूर्तता मागतां येते. तसें नको असल्यास करारांत स्पष्ट लिहावें लागतें (कलम ४३). सारांश, कागद मुका असतां स्मृति अंश धरते, कायदा संपूर्ण धरतो.

त्या पालकांत एक गूळबाजारांतील हमाल होते. चौघांचें भाडें त्यांच्या एकट्याच्या माथीं आलें असतें. 'आपापल्या मुलाच्या चतुर्थांशापुरतें' हे शब्द घालण्यास मालकांनीं संमति दिली.

संग्राहकांनींही जुना जामीनकतबा वाचतांना आजचा नियम त्यावर लादूं नये. आधीं अंशवाचक शब्द शोधावा.